पॅकेट रेडिओ: पत्त्यांची वही आणि वाटप-याद्या कशा ठेवायच्या? (गडचिरोली ते सिरोंचा)

वैनगंगाकाठ (धागाकर्ता)

पॅकेट रेडिओ म्हणजे हौशी रेडिओवरून संगणकाचे लेखी निरोप. पुराच्या निरोपांसाठीच्या आमच्या याद्या पावसाळ्याआधी नव्याने बांधायच्या आहेत, म्हणून हा धागा. आराखडा असा आहे. गडचिरोलीला एक बीबीएस (निरोप साठवणारं रेडिओवरचं पोस्ट ऑफिस), आलापल्लीला दुसरा. दोन्हीकडे रास्पबेरी पाय, त्यावर लिनबीपीक्यू (बीबीएसचं सॉफ्टवेअर) आणि डायरवुल्फ (सॉफ्टवेअर मोडेम), दोन मीटर बँड, १२०० बॉड (सेकंदाला १२०० बिट). गडचिरोली ते सिरोंचा रस्त्याने दोनशे किलोमीटरच्या वर आहे आणि मध्ये सगळं जंगल. त्यामुळे चामोर्शी-आष्टीकडून एक डिजिपीटर (ऐकलेली फ्रेम परत प्रसारित करणारं स्टेशन) लागणारच, तो धरून चाला.

एकूण १८ पत्ते आहेत: तहसीलवार ऑपरेटर, दोन राखीव, आणि जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात बसणारा एक. आज प्रत्येकाच्या लॅपटॉपात आपापली यादी आहे आणि कुठल्याही दोन याद्या एकमेकींशी जुळत नाहीत. कोणाच्या यादीत हाक-चिन्हापुढे (कॉलसाइनपुढे) -७ आहे, कोणाच्या यादीत जुन्या बीबीएसचा मार्ग चिकटलाय, दोघांनी तर मोबाइल नंबरच लिहून ठेवलेत.

प्रश्न दोन. यादी क्लायंटमध्ये (ऑपरेटरच्या लॅपटॉपातल्या सॉफ्टवेअरमध्ये) ठेवायची की बीबीएसवर? आणि 'सगळ्यांना' निरोप द्यायचा तर तो नेमका कसा?

(कमांड रोमनमध्येच टाइप करायच्या आहेत, इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय. हाक-चिन्हं मुद्दाम कखग-चछज अशी घेतली आहेत, कोणाचं खरं चिन्ह धाग्यात नको.)

एकशेचव्वेचाळीस

आधी हिशेब करा भाऊ, मग यादी.

समजा निरोप १५०० बाइटचा आहे. पॅकलेन (एका तुकड्यातले बाइट) १२८ धरली तर १२ फ्रेम, म्हणजे तुकडे, होतात. प्रत्येक फ्रेमला पत्ता, कंट्रोल, तपासणी-बेरीज वगैरे मिळून वीसेक बाइट वर. म्हणजे साधारण १७५० ते १८०० बाइट, १४ हजार बिट, १२०० ने भागा: १२ सेकंद. त्यात टीएक्सडिले (प्रेषण सुरू करताना थांबायचा वेळ) ३०० मिलिसेकंद, मॅक्सफ्रेम (पोच येण्याआधी एका दमात जाणाऱ्या फ्रेम) ४ असेल तर तीनदा पोच, जोडणी, प्रॉम्प्ट. एका प्रतीला पंचवीस सेकंद धरा. हे चांगल्या सिग्नलवर. १८ प्रती म्हणजे साडेसात मिनिटं. त्याच फ्रीक्वेन्सीवरचा डिजिपीटर मध्ये आला की तेच सगळं दोनदा हवेत जातं, पंधरा मिनिटं. आणि तेवढ्यात दुसऱ्या कोणी जोडायचा प्रयत्न केला तर टक्कर, पुनर्प्रेषण, मग वेळेचं काही खरं नाही.

क्लायंटमधली वाटप-यादी नेमकं हेच करते. तुम्हाला पडद्यावर 'पूर-गट' असा एक शब्द दिसतो, पण पाठवा म्हटलं की सॉफ्टवेअर त्याचे १८ सुटे निरोप करून एकामागून एक बीबीएसवर चढवतं. यादी बनवणं सोपं म्हणून लोक मोठी बनवतात. चॅनेलला तिचं वजन कळतं.

टीएनसीवाला

वरच्याशी सहमत, पण उपाय बीबीएसवरच आहे. निरोप एकदाच चढवा, बाकीच्या प्रती तिथल्या तिथे काढा.

पहिला निरोप नेहमीसारखा (एसपी म्हणजे एकाच्या नावाचा खासगी निरोप):

एसपी व्हीयू२कखग

विषय, मजकूर, मग संपवायला नव्या ओळीवर कंट्रोल-झेड किंवा /ईएक्स. बीबीएस क्रमांक देईल, समजा ३१२. मग:

एससी ३१२ व्हीयू३चछज
एससी ३१२ व्हीयू२टठड

एससी म्हणजे प्रत. प्रत्येक प्रतीला हवेतून फक्त एक ओळ आणि विषयाचा प्रॉम्प्ट जातो, १५०० बाइट परत जात नाहीत. उरलेल्या १७ जणांच्या ओळींची टेक्स्ट फाइल करून ठेवा आणि टर्मिनलमधून एकेक ओळ पाठवा. सगळी फाइल एकदम ओतू नका. प्रॉम्प्ट यायच्या आत पुढची ओळ गेली तर बीबीएस ती विषय म्हणून घेतं आणि तुमच्या प्रतीचा विषय 'एससी ३१२ व्हीयू२टठड' असा होऊन बसतो.

आता खरा मुद्दा. १८ पैकी किती जणांना निरोप 'मिळालाच पाहिजे' आणि किती जणांना तो 'दिसला पाहिजे'? पाणीपातळी, रस्ता बंद, धरणाचा विसर्ग, हे सगळ्यांना दिसायला हवं. ते बुलेटिन:

एसबी पूर @ जीएडीसीएचआय

एकच प्रत, बीबीएसवर पडून राहते, ज्याला हवी तो वाचतो. 'पूर' ही टू-फील्डमधली खूण, तिथे सहा अक्षरांची मर्यादा आहे म्हणून छोटी ठेवा. @ पुढे वाटपाचा परिसर. हा परिसर तुम्ही दोन्ही बीबीएसच्या फॉरवर्डिंगमध्ये (एका बीबीएसकडून दुसऱ्याकडे डाक पाठवण्याच्या सेटिंगमध्ये) जोडीदार बीबीएसच्या 'एटी' यादीत लिहिला तरच बुलेटिन पलीकडे जाईल. नाही लिहिला तर गडचिरोलीला दिसेल, आलापल्लीला दिसणार नाही आणि कोणी तक्रारही करणार नाही, कारण जे आलंच नाही त्याची तक्रार कोण करणार?

आणि कृपा करून @ डब्ल्यूडब्ल्यू टाकू नका. त्याचा अर्थ सगळं जग.

वैनगंगाकाठ

एससीची युक्ती भारी आहे. पण बुलेटिनला पोच नसते ना? भामरागडवाल्याने वाचलं की नाही ते कसं कळणार? पर्लकोटा नदीला पाणी चढलं की तिकडचा रस्ता पहिल्यांदा जातो, तिथे 'वाचलं असेल' चालत नाही.

टीएनसीवाला

नसते. म्हणून विषयात क्रमांक टाका: 'पूर ०१४'. ठरावीक वेळच्या व्हॉइस नेटवर (रेडिओवर सगळ्यांनी बोलायच्या बैठकीत) एवढंच विचारायचं: शेवटचा क्रमांक कोणता दिसतोय? ज्याला ०१२ दिसतोय त्याच्याकडे दोन कमी आहेत, तेवढेच दोन त्याला एससीने सुटे द्या. पोच मागायला १८ जणांना लावलंत तर १८ पोचा हवेत येतील आणि पुढचं बुलेटिन रांगेत उभं राहील.

भामरागड, एटापल्ली अशांना मात्र 'कृती करा' प्रकारचा निरोप नेहमी एसपीनेच. बीबीएसवर 'एल' ने यादी मागवली की पुढे एन दिसेल तर वाचलेला नाही, वाय दिसेल तर वाचला, एफ म्हणजे पुढच्या बीबीएसकडे गेला. एफ म्हणजे पोचला असं नाही, एवढं ध्यानात ठेवा.

मेळघाट_डिजी

इकडे चिखलदऱ्याच्या बाजूलाही हीच गुंतागुंत असते. पत्त्यांच्या वहीचा अर्धा भाग तर बीबीएस स्वतःच सांभाळतं आणि लोकांना ते ठाऊक नसतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्याला व्हाइट पेजेस म्हणतात. प्रत्येक हाक-चिन्हाचं 'घरचं बीबीएस' कोणतं, नाव काय, गाव कोणतं, पिन काय, हे त्यात असतं. तुम्ही नुसतं 'एसपी व्हीयू३चछज' लिहिलं की बीबीएस इथे बघतं आणि मार्ग स्वतः जोडतं, उदाहरणार्थ:

व्हीयू३चछज @ व्हीयू२टठड.#व्हीआयडी.आयएनडी.एएस

उजवीकडून वाचा: आशिया, भारत, मग # लावलेला स्थानिक भाग, मग बीबीएस. # चा भाग तुमच्या दोन्ही बीबीएसवर हुबेहूब एकच हवा. एकीकडे #व्हीआयडी आणि दुसरीकडे #व्हीआयडीएआर असं झालं की पार्सल चुकीच्या गाडीत चढतं.

माहिती आत येते ती दोन वाटांनी. एक, वापरणाऱ्याने स्वतः सांगितलेली: बीबीएसला जोडून नाव, गाव, पिन भरायचं आणि 'होम' कमांडने घरचं बीबीएस सांगायचं. अशा नोंदीला /यू लागतं. दोन, बीबीएसने अंदाजाने उचललेली: येणाऱ्या निरोपांच्या वरती ज्या 'आर:' ने सुरू होणाऱ्या ओळी असतात (तारीख, वेळ, वाटेतलं बीबीएस), त्यांतली सर्वांत खालची, म्हणजे निरोप जिथे जन्मला ते बीबीएस, तेच याचं घर असणार असं ते धरतं. त्याला /जी. अंदाजच तो! कोणी एक दिवस आलापल्लीवर बसून निरोप टाकला की त्याचं घर आलापल्ली, आणि पुढची त्याची सगळी डाक तिकडे.

म्हणून पहिलं काम: अठराही जणांनी आपापल्या घरच्या बीबीएसला एकदा जोडून हे चारही तपशील स्वतः भरायचे. मग सिसॉपने (बीबीएस चालवणाऱ्याने) 'आय व्हीयू३चछज' देऊन प्रत्येकाची नोंद बघायची. जिथे /जी दिसतंय तो माणूस भरायचा राहिलाय.

दुसरं: क्लायंटच्या वहीत @ पुढचा लांब मार्ग साठवूच नका. नुसतं हाक-चिन्ह. तुम्ही मार्ग हाताने लिहिलात तर बीबीएस तोच मानतं, व्हाइट पेजेसकडे बघत नाही. माणसाने घर बदललं तरी तुमची वही त्याला जुन्याच पत्त्यावर पाठवत राहते.

तिसरं: बदल एका बीबीएसवरून दुसऱ्याकडे लगेच जात नाही. हाउसकीपिंग (बीबीएसची आपोआप होणारी आवराआवर) दिवसातून एकदा चालतं, तेव्हाच व्हाइट पेजेसचे बदल निघतात. ऐन पुरात एखादं बीबीएस बसलं आणि ऑपरेटर दुसरीकडे सरकला तर 'होम' बदलून भागत नाही. दुसऱ्या सिसॉपने हाताने नोंद करायची, आणि जुन्या बीबीएसवर अडकलेले निरोप तिथल्या सिसॉपने पत्ता बदलून सोडायचे.

शून्य_एसएसआयडी

-७, -९ चा घोळही इथेच मिटवा. बीबीएसच्या डाकेचा पत्ता नुसतं हाक-चिन्ह, एसएसआयडी (त्याच्यापुढचा -७ सारखा आकडा) नाही. एसएसआयडी (० ते १५) लागतो तो जोडणीसाठी: नोडला (जोडण्या पुढे नेणाऱ्या स्टेशनला) कोणत्या क्रमांकाने, बीबीएसला कोणत्या क्रमांकाने. म्हणजे वहीत दोन वेगळे रकाने हवेत, 'डाक' आणि 'जोडणी'. एपीआरएसमध्ये (स्थान आणि छोटे निरोप पाठवायची रेडिओ पद्धत) मात्र उलट. तिथे -७ ला पाठवलेला निरोप -९ लावून बसलेल्या रेडिओवर उघडणार नाही, तोच माणूस असला तरी.

कोरडवाहू

एवढी मेहनत काहून? विनलिंक (रेडिओवरून ईमेल) वापरा ना राजेहो. एका निरोपाला हवे तेवढे 'टू', हवेतून एकदाच चढतो, वाटप पुढचा सर्व्हर करतो. विनलिंक एक्सप्रेस सॉफ्टवेअरमध्ये गट बनवा, झालं काम. वर पदाच्या नावाने टॅक्टिकल पत्ता घेता येतो, १२ अक्षरांपर्यंत. ऑपरेटर बदलला तरी पत्ता तोच राहतो.

एकशेचव्वेचाळीस

गेटवेच्या (रेडिओ इंटरनेटला जोडणाऱ्या स्टेशनच्या) मागे इंटरनेट जिवंत असेल तर उत्तमच. फायबर तुटलं की हा फायदा संपला. मग पीअर-टू-पीअर करावं लागतं आणि तिथे प्रत्येकाशी वेगळी जोडणी, म्हणजे परत माझा पहिला हिशेब.

शिवाय दोन गोष्टी नवख्यांना अडवतात. निरोपाची मर्यादा १२० केबी आहे, पण १२०० बॉडवर १२० केबी म्हणजे कोरा हिशेबच तेरा-चौदा मिनिटं, तेव्हा फोटो विसरा. दुसरी, बाहेरच्या ईमेलची. कार्यालयातून कोणी साध्या मेलवरून तुमच्या विनलिंक पत्त्यावर लिहिलं आणि तुमच्या स्वीकार-यादीत तो पत्ता नसेल, तर मेल परत जातो. उपाय: मेलच्या विषयाच्या सुरुवातीला //डब्ल्यूएल२के लिहायला सांगा, किंवा आधी तुम्हीच त्या पत्त्याला एक निरोप पाठवा, मग तो आपोआप यादीत बसतो. ही स्वीकार-यादी ज्याची त्याची वेगळी असते. नियंत्रण कक्षाचा मेल दहा जणांना हवा असेल तर दहाही खात्यांत नोंद हवी. एकाने केली म्हणजे गटाची झाली असं नाही.

कोरडवाहू

स्वीकार-यादीचं बरोबर. मग दोन्ही ठेवा: बाहेर जाणारा अहवाल विनलिंकने, जिल्ह्यातल्या जिल्ह्यात बीबीएस. पण 'सर्वांना उत्तर द्या' ला कोणी हात लावू नका हे यादीच्या कपाळावर लिहा. 'ओके सर' चे १८ निरोप कोणालाच नको असतात.

तापीकाठची_ताई

एपीआरएसचं कोणी बोललं नाही म्हणून.

छोट्या सूचनेसाठी तिथे वाटप-यादीच लागत नाही. बीएलएन० ते बीएलएन९ ही बुलेटिनं, बीएलएनए ते बीएलएनझेड या जास्त काळ टिकणाऱ्या घोषणा. गट करायचा तर बीएलएन, मग एक अंक, मग पाच अक्षरांपर्यंत गटाचं नाव: 'बीएलएन१पीयूआर'. पत्त्याचं फील्ड बरोबर ९ अक्षरांचं असतं, उरलेली जागा स्पेसने भरावी लागते. सॉफ्टवेअर ते करतं, पण स्वतः स्क्रिप्ट लिहिणारे इथेच अडकतात. बुलेटिनला पोच नसते, म्हणून ते ठरावीक अंतराने परत परत पाठवायचं. सुरुवातीला दाट, मग विरळ.

मजकूर ६७ अक्षरं. आणि इथे आपल्या भाषेची गंमत बघा. देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायच्या पद्धतीत) तीन बाइट घेतं. ६७ बाइटच धरले तर २२ चिन्हं, आणि काना-मात्रा-वेलांटी सगळ्या वेगळ्या मोजल्या जातात. 'पर्लकोटा' लिहिलं की आठ चिन्हं, २४ बाइट गेले. वर हातातल्या रेडिओच्या पडद्यावर देवनागरी उमटेलच असं नाही, बऱ्याच ठिकाणी चौकोन दिसतात. म्हणून पत्ता, विषय आणि एपीआरएस मजकूर रोमनमध्ये. बीबीएसच्या निरोपाचा मजकूर देवनागरीत चालवायचा असेल तर दोन्ही टोकांचं टर्मिनल यूटीएफ-८ वर आहे का हे आधी बघा. आणि आकार तिप्पट होतो हे वरच्या हिशेबात धरा.

गावांच्या रोमन स्पेलिंगची एक ठरलेली यादी हवीच. एटापल्ली कोणी वायने सुरू करतं, कोणी ईने. शोधताना दोन गावं होतात.

वैनगंगाकाठ

ताई, हे २२ चं गणित यादीच्या वरतीच लिहून ठेवतो.

आतापर्यंतच्या सगळ्यावरून एकच मूळ फाइल करायची असं ठरवतोय. साधी सीएसव्ही, रकाने असे: पद, गाव (ठरलेलं स्पेलिंग), आजचं हाक-चिन्ह, राखीव हाक-चिन्ह, घरचं बीबीएस, जोडणीचा मार्ग, एपीआरएस एसएसआयडी, विनलिंक आहे/नाही, शेवटची तपासणी. फोन नंबर नाहीत. एक ओळ अशी दिसेल:

तहसील-सिरोंचा, सिरोंचा, व्हीयू३चछज, व्हीयू२टठड, आलापल्ली, थेट, -७, आहे, १० जून

यात चुकतंय काही?

टीएनसीवाला

फोन नंबर काढलेत ते उत्तम. पॅकेटवर काहीच झाकलेलं नसतं, आपल्या परवान्यात मजकूर गुप्त करून पाठवायची सोय नाही, त्यामुळे यादी हवेतून गेली की ती सगळ्यांची.

एक गोष्ट वाढवा: आवृत्ती. फाइलच्या पहिल्या ओळीत 'आवृत्ती २०२५-०६-१०' असं, वर्ष आधी. आणि फाइलवर हात एकाचाच. बाकीच्यांनी बदल एसपीने त्याला कळवायचे, त्याने आठवड्यातून एकदा नवी आवृत्ती काढायची. हवेतून सगळी फाइल पाठवू नका, फक्त बदललेल्या ओळी बुलेटिनने. अठरा ओळींची फाइल दीड-दोन केबीची, बदललेली एक ओळ शंभर बाइटची.

'पद' हा पहिला रकाना ठेवलात हे मला सगळ्यात आवडलं. निरोप तहसीलला जातो, माणसाला नाही. पण बीबीएस पद ओळखत नाही, हाक-चिन्ह ओळखतं. तेव्हा पाळी बदलली की 'आजचं हाक-चिन्ह' बदललंच पाहिजे, नाहीतर निरोप घरी झोपलेल्या माणसाच्या पेटीत पडतो. दुसरा मार्ग: पदाच्या सहा अक्षरी खुणेने बुलेटिन टाकायचं, आणि ड्यूटीवर जो असेल त्याने 'एल> खूण' देऊन बघायचं. पेटी कोणाची हा प्रश्नच उरत नाही.

जेनॉसप्रेमी

लिनबीपीक्यूवाल्यांनी हेवा करावा अशी एक गोष्ट जेनॉसमध्ये (दुसरं बीबीएस सॉफ्टवेअर) आहे: एलियास फाइल. साधी टेक्स्ट. ओळीच्या सुरुवातीला यादीचं नाव, मग स्पेस देऊन पत्ते:

सिरोंचा व्हीयू३चछज व्हीयू२टठड
पूरगट व्हीयू२कखग व्हीयू३चछज
   व्हीयू२टठड

पुढची ओळ स्पेसने सुरू झाली तर ती आधीच्याच यादीची. # ने सुरू झाली तर टीप. वापरणारा 'एसपी पूरगट' एवढंच लिहितो, फोड बीबीएसवर होते. पद बदललं की ही एकच ओळ बदलायची.

यादीत पत्ता नीट गेला की नाही ते बघायला आधी दोनच जणांची 'चाचणी' नावाची यादी करा. थेट १८ वर प्रयोग नको.

मेळघाट_डिजी

त्यात एक खड्डा आहे. गडचिरोलीच्या पूरगटात आलापल्लीच्या यादीचा पत्ता, आणि आलापल्लीच्या यादीत गडचिरोलीच्या यादीचा, असं कधी होऊ देऊ नका. बुलेटिनला बीआयडी (ओळख-क्रमांक) असतो, तोच बीआयडी परत आला की बीबीएस नाकारतं, म्हणून बुलेटिन गरगर फिरत नाही. पण यादी फोडताना प्रत्येक प्रतीला नवा क्रमांक मिळाला की ती नवीनच डाक ठरते, नाकारायला काही कारणच उरत नाही. रात्रभर दोन्ही बीबीएस एकमेकांना निरोप देत बसतात आणि सकाळी डिस्क भरलेली.

नियम सोपा: यादीत फक्त माणसांची हाक-चिन्हं. यादीत यादी नाही.

शून्य_एसएसआयडी

आणि पूर-बुलेटिनचं आयुष्य कमी करा. लिनबीपीक्यूच्या हाउसकीपिंगमध्ये टू-फील्डनुसार वेगळी मुदत देता येते. 'पूर' ला तीन दिवस पुरे. नाहीतर पुढच्या आठवड्यात नव्याने जोडणाऱ्याला जुन्या विसर्गाचे आकडे आधी दिसतील, आणि 'एलबी' ची (बुलेटिनांची) यादी हवेतून उतरायलाच मिनिट जाईल.

वैनगंगाकाठ

तीन दिवस घालतो. रस्ते बंदची खूण वेगळी करून तिला सात दिवस, कारण पाणी उतरलं तरी रपटे लगेच सुरू होत नाहीत.

टीएनसीवाला

चालेल. फक्त ती खूणही दोन्ही बीबीएसवर सारखीच घाला, मुदत ज्या त्या बीबीएसची वेगळी असते.